घर क्रमांक शून्य

२० नोव्हेंबर २०२४ चा दिवस. विधानसभेचे मतदान होते. मुरुड-हर्णैच्या आमच्या पट्ट्यात त्या दिवशी सकाळपासूनच वर्दळ होती. घरातली भाकरी-कालवण लवकर उरकून आम्ही बायका दहाच्या आत मतदान करून आलो. सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास, तरी त्याही रिक्षाने जाऊन आल्या. मुंबईहून खास मतदानासाठी आलेली मुले संध्याकाळच्या गाडीने परत निघाली.

मगरिबनंतर चाचा नेहमीप्रमाणे आमच्या ओट्यावर आले. त्यांचे जेवण मोहल्ल्यात घराघरांत वाटून दिलेले आहे. बुधवारची पाळी आमची. मी डबा भरत होते आणि माझी आठ वर्षांची मुलगी सगळ्यांच्या बोटांवरची शाई बघत फिरत होती. दादीचे बोट, अब्बाचे बोट, माझे बोट. मग ती चाचांकडे गेली, त्यांचा हात हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, "चाचा, तुमची शाई कुठंय?"

चाचा हसले. "बेटा, शाई घरवाल्यांना लागते. मला कुठलं घर?"

डबा घेऊन ते निघून गेले. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागी होते. चाचा आमच्या मशिदीच्या पडवीत झोपतात. अकरा वर्षे झाली. त्याआधी मच्छीमारी होड्यांवर खलाशी होते. चौदाव्या वर्षी मामांबरोबर बंदरावर आले आणि समुद्रावरच म्हातारे झाले. लग्न केले नाही. खाडीकाठच्या गावातले वडिलोपार्जित घर पडले, जागा भावकीत गेली. हात थरथरायला लागले तेव्हा होडीवरचे काम सुटले आणि कामाबरोबर निजायची जागाही सुटली. आता पहाटे मशिदीचे अंगण झाडतात, वजूच्या टाकीचे पाणी बघतात, मय्यत झाली की सर्वांच्या आधी कबरस्तानात पोचतात.

अकरा वर्षे आम्ही त्यांना जेवण दिले. ईदला कपडे दिले, रमजानमध्ये फित्रा दिला. पण त्यांचे मत कुठे आहे, हे मोहल्ल्यातल्या एकाही माणसाने कधी विचारले नव्हते. देण्याघेण्याचा हिशेब आम्ही चोख ठेवला होता, त्यांच्या हक्काचा हिशेब कुणीच ठेवला नव्हता. एका लहान मुलीने विचारले म्हणून तो लक्षात आला.

घर नाही म्हणून मत नाही?

चाचांचा समज एकट्याचा नाही. आपल्यातल्या कितीतरी सुशिक्षित माणसांनाही वाटते की मतदार व्हायला घर लागते, घरपट्टीची पावती लागते, निदान लाइटबिल तरी लागते. या समजाला जुना इतिहास आहे. इंग्रजांच्या काळात १९३५ च्या कायद्याखाली निवडणुका झाल्या तेव्हा मत सर्वांना नव्हते. मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच ते होते. ज्याच्याकडे जमीन-जुमला त्याचे मत, हे आपल्या आज्या-पणज्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले आहे. तीच गोष्ट कानावरून कानावर येत राहिली.

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली आणि ही अट संपली. घटनेच्या ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिले. तेव्हा वय २१ होते, १९८९ पासून ते १८ झाले. त्यात घराचा उल्लेखही नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० मध्ये एकच अपेक्षा आहे, की माणूस त्या मतदारसंघातला 'सर्वसाधारण रहिवासी' असावा. आणि त्याच कायद्याचे २० वे कलम उलट बाजूनेही बोलते: एखाद्या ठिकाणी केवळ मालकीचे घर आहे म्हणून माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. म्हणजे कायद्याने घराची मालकी आणि माणसाचे राहणे या दोन गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या ठेवल्या आहेत. बंद बंगल्याचा मालक तेवढ्यावरून मतदार होत नाही आणि पडवीत रोज निजणारा माणूस घर नाही म्हणून बाद होत नाही.

मग तो तिथे राहतो हे ठरवायचे कसे? निवडणूक आयोगाच्या सूचना यावर अगदी स्पष्ट आहेत. बेघर माणसाने अर्जात आपण रात्री कुठे झोपतो ती जागा लिहायची. पूल असो, फूटपाथ असो, देवळाचा ओटा असो की मशिदीची पडवी. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना सगळे बीएलओ म्हणतात, त्यांनी रात्रीच्या वेळी तिथे जाऊन तो माणूस खरोखर तिथे झोपतो का ते पाहायचे. एका रात्रीवर न थांबता, एकाहून अधिक रात्री जायचे. खात्री पटली की राहण्याच्या पुराव्याचा कोणताही कागद मागायचा नाही.

पहिली यादी बनली तेव्हा

ही सवलत कुणी अलीकडे उपकार म्हणून दिलेली नाही. तिचे मूळ आपल्या पहिल्या मतदारयादीत आहे. १९४८ मध्ये घटना अजून लिहिली जात होती तेव्हाच यादीचे काम सुरू झाले. फाळणीने लाखो माणसे घरदार सोडून छावण्यांत, स्टेशनांवर, नातेवाइकांच्या ओसरीत पडली होती. त्यांचा पत्ता काय लिहायचा? निर्णय असा झाला, की या गावात कायमचे राहण्याचा आपला इरादा आहे एवढे निर्वासिताने जाहीर करावे. किती दिवस राहिला हे न पाहता त्याचे नाव घ्यावे. ज्यांच्याजवळ काही उरले नव्हते त्यांच्या शब्दावर नव्या देशाने भरवसा ठेवला.

त्याच यादीने एक चूकही दाखवून दिली. अनेक प्रांतांतल्या बायकांनी मोजणीदाराला आपले नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढीच ओळख दिली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी धरायला नकार दिला आणि १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळाली. पुढच्या वेळेपर्यंत बायका नाव सांगायला शिकल्या. आपल्या घरातल्या जुन्या बायकांनी अशा गोष्टी पाहिल्या आहेत. यादीत स्वतःचे नाव असणे म्हणजे काय, हे त्यांना निराळे सांगावे लागत नाही.

नोंद असलेला आणि नोंद नसलेला

कुणी म्हणेल, पोटाला अन्न नाही त्याला मत देऊन काय होणार? या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या फूटपाथांनी दिलेले आहे.

१९८१ च्या जुलैमध्ये, भर पावसाळ्यात, फूटपाथवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याची घोषणा राज्य सरकारने केली. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अ. र. अंतुले, आपल्याच कोकणातले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फूटपाथवासी कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सरन्यायाधीश होते यशवंत विष्णू चंद्रचूड. माणसाला पोट भरण्याचे साधन हिरावून घेतले तर जगण्याचा हक्कच हिरावला जातो, म्हणून उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे या निकालाने मान्य केले. आजही देशभर या निकालाचा दाखला दिला जातो.

पण त्याच निकालात दुसरी बाजू आहे. फूटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकार न्यायालयाने कायम ठेवला. पर्यायी जागा द्यावी असे सांगितले ते १९७६ च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती अशांसाठी. म्हणजे एकाच फूटपाथवर शेजारी शेजारी निजणाऱ्या दोन कुटुंबांत फरक पडला तो कागदावरच्या एका ओळीने. गणना करणारा आला त्या दिवशी जो हजर होता त्याला आधार मिळाला. जो कामावर गेला होता तो सुटला.

मतदारयादीचेही तसेच आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपंचायत या सर्वांच्या याद्या विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. तिथे नाव नाही तर कुठेच नाव नाही. आणि ज्याचे मत नाही त्याच्याकडे उमेदवार कशाला येईल? गावात संडास कुठे बांधायचा, नळ कुठवर न्यायचा, निवाऱ्याची शेड कुणासाठी, हे ठरते तेव्हा मतदार मोजले जातात.

आपल्या आसपास कोण आहे?

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक माणसे बेघर निघाली. महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. आपण समजतो हा शहरांचा प्रश्न. पण देशातल्या या बेघरांपैकी ८ लाखांहून अधिक खेड्यांतले होते.

मुरुडच्या समुद्रकिनाऱ्यावर पर्यटक म्हणून येणाऱ्याला हे दिसत नाही. त्याला नारळी-पोफळी दिसतात, हर्णैचा मासळीचा लिलाव दिसतो, समोरचा सुवर्णदुर्ग दिसतो. पण लिलाव संपल्यावर होडीतच जाळ्यांवर अंग टाकणारा खलाशी आपल्याला रोज दिसतो. चिरेखाणीवर घाटमाथ्यावरून आणि कर्नाटकातून आलेली कुटुंबे प्लास्टिकच्या कागदाखाली राहतात. कातकरी बांधव वीटभट्टीसाठी आणि कोळसा पाडण्यासाठी वर्षातले कित्येक महिने गाव सोडून असतात. त्यांच्या वाड्याही बहुतेक वेळा दुसऱ्याच्या जमिनीवर असतात. आपल्या समाजातले फकीर, मदारी, दरवेशी पिढ्यान्‌पिढ्या एका गावचे नसतात. आणि ३ जून २०२० चे निसर्ग चक्रीवादळ आठवा. दापोली-मंडणगडात किती घरांचे छप्पर एका दुपारी उडाले! घर असलेला माणूस बेघर व्हायला दोन-चार तास पुरतात, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

या सगळ्यांसाठी नियम एकच नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे. जो कायम इथेच निजतो, जसे चाचा, त्याची नोंद इथे व्हायला हवी. जो हंगामापुरता येतो आणि पावसाळ्यात गावी परततो, त्याची नोंद बहुधा त्याच्या गावी असते आणि ती तिथे राहू द्यावी. तात्पुरते बाहेर गेल्याने माणसाचा रहिवास संपत नाही, असे कायदाच सांगतो. वादळानंतर नातेवाइकांकडे राहायला गेलेल्यांनाही हाच आधार आहे. दोन ठिकाणी नाव ठेवणे हा गुन्हा ठरू शकतो. खोटे निवेदन केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून मदत करणाऱ्याने पहिला प्रश्न हाच विचारावा: "तुमचं नाव आधी कुठं आहे का?"

चाचांचा अर्ज

आम्ही चाचांना हाच प्रश्न विचारला. चौदाव्या वर्षी गाव सुटलेले, त्यामुळे नाव कुठेच नव्हते. आधार कार्ड होते, पण ते होडीच्या मालकाच्या पत्त्यावर काढलेले. मालक वारले, घर बंद झाले, मुले मुंबईला गेली.

माझे यजमान त्यांना घेऊन एका कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने आधार पाहिले आणि म्हणाला, "पत्ता जुळत नाही. घरपट्टीची पावती आणा, नाहीतर भाडेकरार आणा." बेघर आहेत म्हणून सांगितले तर म्हणाला, "मग कुठल्या घरात नाव घालू?" त्याचाही दोष किती म्हणावा? त्याच्यासमोर असा माणूस कधी आलाच नसेल. चाचा मात्र बाहेर येऊन म्हणाले, "मी सांगितलं होतं ना."

आमच्या मुरुडला हा अनुभव जुना आहे. ज्यांच्या नावाने हे गाव ओळखले जाते ते महर्षी धोंडो केशव कर्वे, मुलगा असताना परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत भर पावसात चालत गेले होते. शंभरावर मैलांची ती वाट. पोचल्यावर परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिले आणि वय कमी दिसते म्हणून परत पाठवले. मुलगा मागे फिरला. पण परीक्षा सोडली नाही, पुढे कोल्हापूरला जाऊन दिली. खिडकीवरचा पहिला नकार हा शेवटचा असतो असे नाही, एवढे तरी मुरुडकराने शिकलेले असावे.

आम्ही १९५० या मतदार मदत क्रमांकावर फोन केला. तिथल्या मुलीने शांतपणे ऐकून सांगितले, की नमुना ६ भरा, पत्त्याच्या जागी ते झोपतात ती जागा नीट लिहा आणि बेघर असल्याचे नमूद करा. वयासाठी आधार चालेल. दुसऱ्यांदा अर्ज थेट बीएलओ ताईंकडे दिला. आमच्या बीएलओ ताई अंगणवाडीत काम करतात. त्यांनी पत्ता वाचला, "मशिदीची पडवी, उत्तरेकडील बाजू". मग वर पाहिले आणि म्हणाल्या, "रात्री यावं लागेल मला. चालेल ना?"

त्या पहिल्यांदा आल्या इशानंतर, बरोबर त्यांचे मिस्टर होते. पडवीत चाचांची वळकटी, कंदील, डबा, औषधाची बाटली. ताईंनी दाराबाहेर चप्पल काढली आणि लांबूनच पाहून गेल्या. चार दिवसांनी पुन्हा आल्या, फज्रच्या अजानच्या आधी. चाचा गोधडी घेऊन पडले होते. टॉर्चच्या उजेडाने उठून बसले आणि घाबरून म्हणाले, "मी काही केलं नाही, बाई." ताई म्हणाल्या, "काही करायचं नाही, चाचा. तुम्ही इथं आहात, एवढंच बघायला आले."

चाचांनी ते वाक्य मला नंतर निदान दहा वेळा सांगितले असेल. सरकारचा माणूस रात्री आला आणि त्याने हुसकावले नाही, असे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडले होते.

अजून काय अडते?

नियम चांगला आहे. पण तो बेघराच्या बाजूने चालवायला कुणीतरी लागते. बीएलओकडे मूळ नोकरीचे काम असतेच, त्यावर हे. त्यात रात्रीची फेरी आणि बहुतेक बीएलओ बायका. त्यांच्याबरोबर मोहल्ल्यातली दोन माणसे गेली तर काम किती सोपे होते! मशिदीची जमात, देऊळ-दर्ग्यांचे विश्वस्त, होडीमालकांची संस्था, चिरेखाणीचा मुकादम, यांनी आपल्या आवारात निजणाऱ्यांची यादी करून दिली तर शोधाशोध वाचेल.

दुसरी अडचण कागद टिकण्याची. पडवीत राहणाऱ्याचा कागद पावसात भिजतो, उंदीर कुरतडतो, पिशवीसकट चोरीला जातो. मतदान केंद्रावर मतदार ओळखपत्र नसेल तर आधार, जॉबकार्ड, फोटो असलेले बँक किंवा पोस्टाचे पासबुक, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, पेन्शनचे कागद, दिव्यांगांचे कार्ड यांपैकी काहीतरी चालते. पण यादीत नाव हवेच. चाचांचे कागद आता आमच्या कपाटात, प्लास्टिकच्या पाकिटात आहेत. एवढे तर कुठल्याही घराला जमेल.

तिसरी अडचण मजुरीची. एका दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची चूल बंद. पण कायद्याने मतदानाच्या दिवशी कामगाराला पगारी सुट्टी आहे आणि ती रोजंदारीवरच्यांनाही लागू आहे. आपल्यातले जे होडीमालक, बागाईतदार, ठेकेदार आहेत त्यांनी हे वाचून ठेवावे. हे काम दुसऱ्या कुणाचे नाही, आपलेच आहे.

चौथी गोष्ट अंतराची. आपल्या घरोघरी कुवेत, सौदी, कतारला गेलेली मुले आहेत. २०१० च्या दुरुस्तीने त्यांना आपल्या पासपोर्टावरच्या पत्त्यावर, नमुना ६ अ भरून मतदार होता येते. मत द्यायला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावे लागते. हजारो मैल दूर असलेल्या मुलाचे नाते गावाशी आहे, हे कायद्याने मानले. मग मशिदीच्या पडवीतल्या माणसाचे नाते गावाशी नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणणार?

स्थलांतरितांना आहे तिथूनच आपल्या गावचे मत देता यावे म्हणून आयोगाने एक नवे मतदान यंत्र तयार केले होते, एका यंत्रावर ७२ मतदारसंघ. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना ते दाखवायला बोलावले, पण पक्षांचे एकमत झाले नाही. ब्रिटनमध्ये २००० च्या कायद्याने वेगळी वाट काढली. बेघर माणूस ज्या जागेशी आपले नाते सांगतो त्या जागेच्या नावाने घोषणापत्र भरतो आणि मतदार होतो. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने १९८४ मध्येच सांगितले, की चार भिंतींचे घर नाही म्हणून मत नाकारता येणार नाही. सगळीकडे प्रश्न एकच आहे आणि उत्तरही बहुतेक एकच. माणूस जिथे खरोखर जगतो, तोच त्याचा पत्ता.

शून्याचा गैरसमज

यादी आली तेव्हा चाचांचे नाव होते. वय, वडिलांचे नाव, फोटो, सगळे बरोबर. घर क्रमांकाच्या जागी मात्र ०.

त्याच सुमारास, ऑगस्ट २०२५ मध्ये, देशभर याद्यांवरून वाद पेटला होता. 'घर क्रमांक शून्य' असलेली नावे बोगस असल्याचा आरोप होत होता. मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांनी दिल्लीतल्या पत्रकार परिषदेत खुलासा केला, की ज्यांना घर नाही, किंवा ज्यांच्या घराला ग्रामपंचायतीने, पालिकेने क्रमांक दिलेला नाही, त्यांच्यापुढे असा क्रमांक येतो. त्या वादात कोण बरोबर हे ठरवणे आपले काम नाही. बोगस नावे असतील तर ती निघालीच पाहिजेत. पण मोहल्ल्यात काय झाले ते सांगते. आमचाच एक शिकलेला मुलगा मोबाइलवर यादी चाळत होता. ओट्यावर बसून म्हणाला, "हे बघा, इथं पण शून्य नंबर आहे. नमुना ७ भरून उडवायला पाहिजे असली नावं."

चाचा पाच हातांवर बसले होते.

मी त्याला नाव वाचायला सांगितले. त्याने वाचले आणि मान खाली घातली. ज्या माणसाने त्याच्या दादाची कबर खणली होती, त्याचेच नाव तो एका बोटाने उडवायला निघाला होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हते. शून्यामागे कोण आहे, हे पाहण्याची सवय नव्हती, एवढेच. यादीतून नाव काढण्याआधी त्या माणसाला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते आणि निर्णय पटला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील करता येते. पण ज्याला पत्ताच नाही त्याला नोटीस पोचणार कुठे? म्हणून शेजाऱ्यांनी जागे राहायचे. बेघराची नोटीस शेजाऱ्यालाच वाचावी लागते.

मदिन्यात मशिदे नबवीच्या एका बाजूला, छपराखाली, काही सहाबा राहत. घर नाही, कुटुंब नाही, मालमत्ता नाही. त्यांना आपण असहाबे सुफ्फा म्हणतो आणि त्यांचे नाव अदबीने घेतो. त्यांना कुणी 'बाहेरचे' म्हटले नाही. हजरत अबू हुरैरा (रजि.) त्यांच्यापैकीच होते. मशिदीच्या पडवीत निजणारा माणूस समाजाचा भाग आहे की नाही, हा प्रश्न आपल्यासाठी तेव्हाच सुटलेला आहे. जकातीच्या हकदारांमध्येही मुसाफिराचा वाटा वेगळा सांगितला आहे. त्याला द्यायचे ते आपण देतोच. आता त्याचे स्वतःचे जे आहे, ते त्याला मिळवून देण्यात हातभार लावायचा आहे.

या महिन्यात एवढे करावे. आपल्या मशिदीत, दर्ग्यावर, बंदरावर, बागेत रात्री कोण निजते, त्यांची नावे लिहून काढावीत. प्रत्येकाला विचारावे, नाव आधी कुठे आहे का. नसेल तर नमुना ६, दुसरीकडे असेल आणि आता कायम इथेच राहत असेल तर नमुना ८. वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना १८ पूर्ण झालेल्यांची नोंद होऊ शकते, त्यामुळे निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नये. आधार नसले तरी अर्ज भरता येतो, अर्जात तशी खूण करण्याची सोय आहे. बीएलओ रात्री येणार असतील तर बरोबर जावे, आणि आल्यावर त्यांना चहा विचारावा.

माझ्या मुलीने चाचांना यादीतली त्यांची ओळ वाचून दाखवली. त्यांना अक्षर येत नाही, पण फोटो ओळखला. मग शून्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे काय?"

"घराचा नंबर," ती म्हणाली.

चाचा बराच वेळ त्या शून्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. शोधत येणाऱ्याला आता चुकायचं नाही." आणि बुधवार असल्यामुळे डबा घेऊन पडवीकडे गेले.